पृष्ठ, पंचांग आणि प्रवेश : पुण्यातील व्यावसायिक टेनिस-स्पर्धेचा एक अभ्यास

इ. स. २०१८ ते २०२३ या अवधीत पुण्यातील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा भरली. २०२१ साली साथीमुळे तिच्यात एका वर्षाचा खंड पडला, एवढाच काय तो अपवाद. 'महाराष्ट्र ओपन' या नावाने ती ओळखली जात असे. २०२४ च्या जागतिक वेळापत्रकात मात्र तिचे नाव नव्हते. संकुल जागच्या जागी होते, कोर्टे शाबूत होती, खेळाडूंची उणीव नव्हती व प्रेक्षकही होते. देऊळ जागेवर असताना जत्रा दुसऱ्या गावी निघून जावी, तसा हा प्रकार झाला. असे का होते, आणि झाल्यावर त्या गावाचे नेमके काय जाते, हा प्रश्न केवळ क्रीडाशौकिनांचा नाही. आधुनिक व्यावसायिक क्रीडासंस्थेचे स्वरूप समजून घेऊ इच्छिणाऱ्या अभ्यासकालाही तो विचारार्ह वाटावा. त्याचे उत्तर तीन गोष्टींच्या विवेचनातून मिळू शकते. त्या म्हणजे स्पर्धा ज्यावर खेळली जाते ते पृष्ठ, ती ज्या आठवड्यात बसविली जाते ते पंचांग, आणि तिच्यात खेळाडूंना मिळणारा प्रवेश.

प्रथम पृष्ठाचा विचार करू जाता एक नामविषयक घोटाळा दूर करावा लागतो. 'हार्ड कोर्ट' म्हणजे टणक पृष्ठाचे कोर्ट, हा आजचा रूढ अर्थ फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात हिरवळीचे नसलेले कोणतेही कोर्ट या नावाने संबोधले जाई. १९१२ साली पॅरिसनजीक सुरू झालेली 'जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद' स्पर्धा प्रत्यक्षात लाल मातीवर खेळली जात असे. व्यावसायिक व हौशी खेळाडूंना एकत्र खेळण्याची मुभा देणारी पहिली खुली स्पर्धा एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे झाली. तिचे नाव 'ब्रिटिश हार्ड कोर्ट अजिंक्यपद' असे होते आणि तीही मातीच्याच कोर्टांवर पार पडली. ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल हा तिचा एकेरीतील विजेता. आज ज्यास हार्ड कोर्ट म्हणतात ते याहून सर्वस्वी भिन्न असते.

या कोर्टाची रचना थरांची असते. सर्वांत खाली डांबरमिश्रित खडीचा किंवा काँक्रीटचा भक्कम पाया असतो. त्यावर प्रतल समान करणारे लेप दिले जातात. काही प्रकारांत पायांना बसणारा हादरा कमी व्हावा म्हणून रबरमिश्रित लवचीक थरही घालतात. सर्वांत वर ॲक्रिलिक रंगाचे लेप असतात व त्या रंगात बारीक वाळू मिसळलेली असते. कोर्टाच्या स्वभावाचे बरेचसे रहस्य या वाळूत आहे. वाळूचे कण जितके भरड व संख्येने जितके अधिक, तितके पृष्ठ खरखरीत होते. तिरप्या दिशेने येणारा चेंडू अशा पृष्ठावर आदळला म्हणजे घर्षणामुळे त्याचा पुढे जाण्याचा वेग अधिक प्रमाणात घटतो, आणि उसळताना तो अधिक उभा उठतो. याच्या उलट, रंगाचा लेप गुळगुळीत असेल तर चेंडू पृष्ठावरून निसटतो व प्रतिस्पर्ध्याला विचार करण्यास अवधी देत नाही. कोर्टाची गती ठरविण्यास ज्याप्रमाणे घर्षण कारणीभूत होते, त्याचप्रमाणे चेंडूची उसळीही कारणीभूत होते. उसळी उंच असेल तर चेंडू खाली येईपर्यंत खेळाडूस अधिक वेळ मिळतो, व म्हणून ते कोर्ट मंद भासते.

या दोन्ही गुणांचे मापन करण्याची पद्धती आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने निश्चित केली आहे. सेकंदास ३० मीटर वेगाने व १६ अंशांच्या कोनात चेंडू पृष्ठावर सोडतात, आणि आदळण्यापूर्वीचा व नंतरचा त्याचा वेग मोजतात. त्यावरून घर्षणाचा व उसळीचा गुणांक काढून एकच गतिनिदर्शक आकडा ठरवितात. हा आकडा २९ किंवा त्याहून कमी असल्यास कोर्ट मंद, ३० ते ३४ असल्यास मध्यम-मंद, ३५ ते ३९ असल्यास मध्यम, ४० ते ४४ असल्यास मध्यम-जलद आणि ४५ किंवा अधिक असल्यास जलद समजतात. माती सामान्यतः मंद गटात व हिरवळ जलद गटात पडते. टणक कोर्ट मात्र वाळूच्या प्रमाणानुसार निरनिराळ्या गटांत बसविता येते. ही लवचीकता, उसळीची एकसारखी खात्री व देखभालीचा तुलनेने अल्प व्याप या गुणांमुळे जगातील पुष्कळशा व्यावसायिक स्पर्धा टणक कोर्टांवर खेळल्या जाऊ लागल्या, यात नवल नाही.

परंतु पृष्ठ सारखे असले तरी खेळ सारखा होईलच असे नाही, कारण उघड्या मैदानावरील स्पर्धेत हवा हाही एक भागीदार असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरते. त्यामुळे चेंडूला होणारा विरोध घटतो, सर्व्हिसचा वेग अधिक टिकतो आणि फिरकीमुळे चेंडूच्या मार्गाला येणारे वळण किंचित सौम्य होते. फार उंच ठिकाणांकरिता निराळा चेंडू वापरण्याची सोय नियमांत आहे, परंतु तिची मर्यादा १,२१९ मीटर, म्हणजे ४,००० फूट, आहे. पुणे त्या मर्यादेच्या बरेच खाली असल्याने येथे नेहमीचाच चेंडू वापरला जातो व हवेचा फायदा सर्व्हिस करणाऱ्याच्या पदरात पडतो. दुसऱ्या बाजूस, जानेवारीतील पुण्याची रात्र थंड असते. दिवे लागल्यानंतरच्या सामन्यांत चेंडूतील हवेचा दाब उतरतो, रबर आखडते व उसळी मंदावते. म्हणजे एकाच कोर्टावर दुपारचा सामना व रात्रीचा सामना हे दोन वेगळे खेळ होऊ शकतात.

२०१९ चा अंतिम सामना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच हे दोघेही दोन मीटरहून अधिक उंचीचे व सर्व्हिसच्या बळावर खेळणारे. सामन्याचे तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि अँडरसनने तो ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. कार्लोविचचे वय त्या वेळी ३९ वर्षांचे होते. १९७७ मधील रोझवॉलनंतर या दर्जाच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा इतक्या वयाचा दुसरा खेळाडू झाला नव्हता. एका सामन्यावरून सिद्धांत काढणे अर्थातच योग्य नव्हे. तथापि विरळ हवा, टणक पृष्ठ व उंच खेळाडू यांचा मेळ बसला म्हणजे काय घडू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता पंचांगाकडे वळावे. टणक कोर्टावरील स्पर्धा पुण्यात जानेवारीतच का भरत असे, याचे कारण पुण्यात नसून मेलबर्नमध्ये आहे. अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा १९७८ साली न्यूयॉर्कमधील फ्लशिंग मेडोज येथे टणक कोर्टांवर नेण्यात आली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८८ साली, ऑस्ट्रेलियन स्पर्धेनेही कूयाँगची हिरवळ सोडून टणक पृष्ठ स्वीकारले. यामुळे वर्षाच्या आरंभी ज्या काही लहान स्पर्धा होत, त्या मेलबर्नच्या पूर्वतयारीसाठी टणक कोर्टांवरच भरविणे क्रमप्राप्त झाले. भारतातील स्पर्धेचे जानेवारीतील स्थान या गरजेतून सिद्ध झाले होते. ही तयारी किती फलदायी ठरे याचे प्रमाण म्हणून स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाचे उदाहरण देता येईल. २०१४ च्या जानेवारीत त्याने प्रथम चेन्नईची स्पर्धा जिंकली आणि त्याच महिन्यात मेलबर्नचे अजिंक्यपदही मिळविले. २०१८ साली पुण्यात उपांत्य फेरीत पराभूत झालेला मारिन चिलिच त्याच महिन्यात मेलबर्नच्या अंतिम फेरीत रॉजर फेडररशी खेळला.

येथे चेन्नईचा उल्लेख आला, त्याचा खुलासा आवश्यक आहे. पुण्यात आलेली स्पर्धा पुण्यात जन्मलेली नव्हती. १९९६ साली ती दिल्लीत सुरू झाली, १९९७ साली चेन्नईस गेली, तेथील नुंगमबाक्कमच्या मैदानावर एकवीस वर्षे रुजली आणि २०१८ साली पुण्यास आली. पुण्यातील यजमानपद महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेकडे होते व राज्य शासनाचे त्यास साहाय्य होते. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारले गेले होते व २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही तेथे झाल्या होत्या. अर्थात जागेची सिद्धता पूर्वीपासून होती. परंतु व्यावसायिक टेनिसमध्ये स्पर्धेचा हक्क जागेशी निगडित नसतो. १९७२ साली खेळाडूंची संघटना म्हणून स्थापन झालेली आणि १९९० पासून पुरुषांच्या स्पर्धांचे चक्र चालविणारी एटीपी ही संस्था वर्षातील ठराविक आठवडे ठराविक स्पर्धांना नेमून देते. त्या आठवड्याचा हक्क ज्याच्याकडे असेल तो, संस्थेच्या संमतीने, स्पर्धा एका शहरातून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. शहर हे भाडेकरू असते, धनी नसते.

महाराष्ट्राला याचा अनुभव पूर्वीही आला होता. २००६ व २००७ या दोन वर्षी मुंबईत अशीच एक व्यावसायिक स्पर्धा टणक कोर्टांवर झाली. तिची अजिंक्यपदे अनुक्रमे रशियाच्या दिमित्री तुर्सुनॉव्हने व फ्रान्सच्या रिशार गास्केने मिळविली. ती स्पर्धा त्यापूर्वी शांघाय व व्हिएतनाममधील हो चि मिन्ह सिटी अशा मुक्कामांवरून आलेली होती, आणि मुंबईतही ती स्थिरावली नाही.

पंचांगातील जागा हीच स्पर्धेची खरी मालमत्ता असल्यामुळे त्या जागेवर ताण येताच स्पर्धेचे बळही घटते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात २०१८ साली पुण्याबरोबरच कतारमधील दोहा व ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथेही स्पर्धा होत्या. ज्याला मेलबर्नला जावयाचे आहे तो आघाडीचा खेळाडू थेट ऑस्ट्रेलियातच उतरणे सोयीचे मानतो. २०२० साली त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात देशादेशांमधील 'एटीपी चषक' सुरू झाला आणि पुण्याची स्पर्धा फेब्रुवारीत सरकली. फेब्रुवारीत मेलबर्न मागे पडलेले असते, त्यामुळे पूर्वतयारीचे आकर्षण उरत नाही. २०२० चा विजेता चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली व २०२२ चा विजेता पोर्तुगालचा झुआंव सोझा हे दोघेही स्पर्धेच्या वेळी जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांच्या बाहेर होते. २०२३ साली स्पर्धा पुन्हा जानेवारीत आली व नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीक्सपोरने फ्रान्सच्या बेंजामँ बाँझीचा ४-६, ७-५, ६-३ असा पराभव करून आपले या दर्जाचे पहिले अजिंक्यपद मिळविले. २०२४ मध्ये त्याच आठवड्यात त्याच श्रेणीची स्पर्धा हाँगकाँगमध्ये झाली.

पृष्ठ व पंचांग यांचा विचार झाल्यावर तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रवेशाचा होय. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांची श्रेणी विजेत्यास मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांवरून ओळखली जाते. चार ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या विजेत्यास २,००० गुण मिळतात, व त्याखालील तीन श्रेणींत अनुक्रमे १,०००, ५०० व २५०. पुण्याची स्पर्धा २५० गुणांच्या श्रेणीतील होती. तिच्या खाली चॅलेंजर स्पर्धा व त्याखाली आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्राथमिक स्वरूपाच्या व्यावसायिक स्पर्धा येतात. ही एक शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीवर उभे राहण्याचा अधिकार खालच्या पायरीवर मिळविलेल्या गुणांनी ठरतो.

पुण्याच्या स्पर्धेत एकेरीच्या मुख्य सोडतीत २८ खेळाडू असत. सोडतीचा आराखडा ३२ जागांचा असल्याने पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळे. त्यांना अजिंक्यपदासाठी चार सामने जिंकावे लागत, इतरांना पाच. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो, म्हणून २८ जणांतून एक विजेता निवडण्यास एकूण २७ सामने होत. या २८ जागांपैकी बहुतेक जागतिक क्रमवारीनुसार थेट भरत. चार जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांना मिळत, आणि तीन जागा यजमानांच्या मर्जीनुसार द्यावयाच्या असत. यांनाच 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. क्रमवारीत दूर असलेल्या स्थानिक खेळाडूच्या दृष्टीने या सात जागा म्हणजेच स्पर्धा होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या सात दारांचे मोल गुणांच्या कोष्टकावरून समजते. पुण्यात स्पर्धा भरत होती त्या वर्षांत या श्रेणीत पहिल्या फेरीत हरणाऱ्यास शून्य गुण मिळत, परंतु एक सामना जिंकताच २० गुण मिळत. दोन सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठल्यास ४५, उपांत्य फेरीस ९० व अंतिम फेरीतील पराभूतास १५० गुण मिळत. त्या काळात सर्वांत खालच्या पायरीवरील संपूर्ण स्पर्धा जिंकूनही २० गुण पदरी पडत नसत. म्हणजे घरच्या मैदानावरील एका दुपारचा विजय हा परगावी घालविलेल्या विजयी आठवड्याहून अधिक मोलाचा ठरे. प्रवासाचा, निवासाचा व प्रशिक्षकाचा खर्च स्वतः सोसणाऱ्या तरुण खेळाडूस हा फरक कारकिर्दीचा फरक ठरू शकतो.

या दाराने आत येऊन दूरवर गेलेल्या भारतीयाचे ठळक उदाहरण चेन्नईच्या काळातील आहे. २००९ साली क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेला सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डद्वारे मुख्य सोडतीत आला. या स्पर्धेचे अजिंक्यपद पूर्वी दोनदा मिळविलेल्या कार्लोस मोयाचा त्याने पराभव केला व तो अंतिम फेरीत पोहोचला. तेथे चिलिचने त्याला हरविले. १९९६ ते २०२३ या काळात या स्पर्धेच्या एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला तो एकमेव भारतीय होय. पुण्यात २०२३ साली मानस धामणे या पुण्याच्याच पंधरा वर्षांच्या खेळाडूस वाइल्ड कार्ड मिळाले. अमेरिकेच्या मायकेल म्मोने त्याला पहिल्याच फेरीत सरळ सेटमध्ये हरविले. गुणांच्या कोष्टकात या सामन्याची नोंद शून्य झाली. परंतु त्या वयाच्या खेळाडूस या दर्जाचा प्रतिस्पर्धी आपल्या गावात भेटणे ही गोष्ट कोष्टकात मावणारी नाही.

दुहेरीचे चित्र निराळे आहे. चेन्नईत लिअँडर पेस व महेश भूपती यांनी या स्पर्धेतील दुहेरीचे अजिंक्यपद पाच वेळा मिळविले. पुण्यात २०१९ साली रोहन बोपण्णा व दिविज शरण ही जोडी, आणि २०२२ साली बोपण्णा व रामकुमार रामनाथन ही जोडी विजयी झाली. २०२३ मध्ये श्रीराम बालाजी व जीवन नेदुंचेळियन अंतिम फेरीत पराभूत झाले. २०२४ च्या जानेवारीत त्रेचाळीस वर्षांचा बोपण्णा मॅथ्यू एब्डेनसह ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरी जिंकून दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी गेला. दुहेरीत भारतीय खेळाडू जागतिक दर्जाचे होते, म्हणून घरच्या स्पर्धेचा त्यांना पुरेपूर उपयोग झाला. एकेरीत तो दर्जा विरळ होता, म्हणून स्पर्धा दाराशी येऊनही फळ थोडे मिळाले.

या तुलनेतून एक निष्कर्ष अपरिहार्यपणे पुढे येतो. स्पर्धा खेळाडू घडवीत नाही. घडलेल्या किंवा घडत असलेल्या खेळाडूस ती वर चढण्याचा जवळचा मार्ग दाखविते. वाइल्ड कार्ड हा यजमानाच्या कृपेचा प्रवेश आहे, क्रमवारीचा प्रवेश हा हक्काचा आहे. कृपेचे दार स्पर्धेबरोबर येते व स्पर्धेबरोबर जाते. हक्काचे दार खेळाडू जेथे जाईल तेथे त्याच्याबरोबर असते, मग स्पर्धा पुण्यात असो वा हाँगकाँगमध्ये. पुण्याचे २०२३ नंतर जे गेले ते मुख्यतः पहिल्या प्रकारचे दार होय. ते मोलाचे होते यात शंका नाही. परंतु त्याचे मोल दुसरे दार उघडण्याच्या कामी त्याचा किती उपयोग करून घेतला गेला यावरच ठरावयाचे असते, आणि त्या कामास शिडीच्या मधल्या पायऱ्या लागतात.

या दृष्टीने बालेवाडीतील टेनिस संपुष्टात आले असे मानण्याचे कारण नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच कोर्टांवर चॅलेंजर श्रेणीची स्पर्धा झाली. तिचा विजेता मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो हा होता, आणि त्या वेळी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या ऑक्टोबरात, जागतिक क्रमवारीत २०४व्या स्थानी असलेल्या या खेळाडूने पात्रता फेरीतून सुरुवात करून शांघायची १,००० गुणांची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्याने आपलाच मावसभाऊ आर्थर रिंडरनेश याचा पराभव केला. चॅलेंजर ही मधली पायरी कोणास कोठवर नेऊ शकते, याचा पुरावा बालेवाडीच्या कोर्टांवरून गेलेल्या एका परदेशी खेळाडूने असा दिला. तोच मार्ग येथील खेळाडूसही मोकळा आहे. तो चालून जो मुख्य सोडतीत क्रमवारीच्या बळावर उतरेल, त्याला यजमानाच्या तीन जागांपैकी एकीचीही वाट पाहावी लागणार नाही.